गाडीतली उष्णता जाते कुठे?

उन्हाळ्यात एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या मोटारीखाली पाण्याचे थेंब टपकताना आपण पाहतो. नवखा मालक घाबरतो. त्याला वाटते रेडिएटर गळतो आहे. पण हे पाणी गाडीचे नसतेच, ते हवेतले असते. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्प दवासारखे जमते आणि एका लहान रबरी नळीतून खाली सांडते. मुंबईत किंवा पणजीत हे थेंब भराभर पडतात, नागपूरला मे महिन्याच्या दुपारी क्वचितच दिसतात. असे का, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. त्याच्या उत्तरातून बरेच भौतिकशास्त्र आणि बराच इतिहास बाहेर येतो.

एसीबद्दल बोलताना आपण नेहमी ‘थंडी सोडतो’, ‘थंडी येते’ असे म्हणतो. भाषेपुरते हे ठीक आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र थंडी नावाची वस्तू नाही आणि ती निर्माण करणारे यंत्रही नाही. एसी हा उष्णतेचा हमाल आहे. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. साहजिकच प्रत्येक वेळी एक प्रश्न उरतो: ही उष्णता टाकायची कुठे? मोटारीच्या एसीचा सारा इतिहास हा या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे. उन्हाळ्यात गाडी नीट गार का होत नाही, याचे उत्तरही तेथेच सापडते.

ईथर, बर्फ आणि ‘टन’

अठराव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमधील विल्यम कलेन या प्राध्यापकाने ईथरवरील दाब पंपाने कमी करून पाहिला. ईथर उकळू लागले आणि ते इतके गार झाले की शेजारच्या पाण्याचा बर्फ झाला. त्यावरचा त्याचा निबंध १७५६ साली प्रसिद्ध झाला. स्पिरिट हातावर लावले की गार वाटते, त्याचेच हे मोठे रूप. द्रवाचे बाष्प होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो शेजाऱ्याकडून घेतो. कलेनचाच विद्यार्थी जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या सुमारास या उष्णतेचा अभ्यास केला. आपण शाळेत शिकवतो ती ‘अप्रकट उष्मा’ ही कल्पना त्याची.

कलेनचे ईथर मात्र एकदा उडाले की संपले. ते परत मिळवण्याची युक्ती जेकब पर्किन्स या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन संशोधकाने १८३४ साली पेटंट करून मांडली. बाष्प पंपाने ओढून घ्यायचे, दाबायचे, दाबल्याने तापलेले बाष्प थंड पाण्यातून नेऊन पुन्हा द्रव करायचे आणि तो द्रव पुन्हा कमी दाबाच्या भागात सोडायचा. म्हणजे उष्णता एका जागी घ्यायची आणि दुसऱ्या जागी टाकायची, हे चक्र चालूच राहते. आजच्या मोटारीत नेमके हेच घडते. बाष्प दाबणारा तो कॉम्प्रेसर, रेडिएटरच्या पुढे असणारी उष्णता टाकायची जाळी तो कंडेन्सर, मध्ये दाब उतरवणारी अरुंद झडप आणि डॅशबोर्डमागची थंड जाळी तो इव्हॅपोरेटर. आत फिरणाऱ्या द्रवाला आपण शीतक म्हणू. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात.

यंत्रे सर्वत्र पोहोचेपर्यंत उष्णता टाकण्याची हुकमी जागा म्हणजे बर्फ. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलमध्ये वातानुकूलनाची सोय झाली, ती बर्फावरच. डब्याच्या तळाखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरत, त्यांच्यावरून पंख्याने हवा आत सोडत आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर लाद्या पुन्हा भरत.

बर्फाची ही आठवण आपल्या भाषेत अजून टिकून आहे. ‘एक टनाचा एसी’ म्हणजे एक टन वजनाचा एसी नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता चोवीस तासांत बाहेर टाकणारे ते यंत्र. हिशेब केला तर हे सुमारे साडेतीन किलोवॅट येते. मोटारीचा एसी साधारण एक ते दीड टनाच्या घरात असतो. एवढीशी जागा, पण एसी खोलीएवढा. यंत्राऐवजी बर्फ वापरायचे ठरवले तर एका टनासाठी दर तासाला सुमारे ३८ किलो बर्फ गाडीत वितळवावा लागेल!

बंद गाडी आणि ओला भुसा

पहिल्या मोटारी उघड्या होत्या, त्यामुळे उकाड्याचा प्रश्न घोडागाडीइतकाच होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत बंद गाड्या स्वस्त झाल्या आणि उघड्या गाड्या मागे पडल्या. पुढे १९३० च्या दशकात छतही सलग पोलादी पत्र्याचे झाले. पाऊस, धूळ, थंडी यांपासून माणूस वाचला, पण उन्हात तो काचेच्या पेटीत बसू लागला. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आसने आणि डॅशबोर्ड तापवतो. तापलेली हवा मात्र बाहेर पडू शकत नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी राज्यांतल्या लोकांनी यावर एक स्वस्त तोड काढली. खिडकीला बाहेरून एक नळकांडे अडकवायचे. त्यात लाकडाचा बारीक भुसा पाण्याने भिजवून ठेवलेला असे. गाडी धावू लागली की समोरचा वारा ओल्या भुशातून गार होऊन आत येई. दोरी ओढली की भुसा पुन्हा भिजे. कॉम्प्रेसर नाही, वीज नाही. आपल्या वाळ्याच्या ताट्यांचेच हे धावते रूप. १९३० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत हे कूलर त्या भागात चांगले खपले.

पण ही युक्ती सगळीकडे चालणारी नव्हती. ओल्या पडद्यातून येणारी हवा कितीही केले तरी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या तापमानाखाली जात नाही. नागपूरला मे महिन्यात तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओली तापमापी साधारण २२-२३ अंश दाखवील. म्हणजे वीस अंशांची सवलत. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती २८-२९ अंशांवर थांबेल. विदर्भात घराघरांत कूलर आणि कोकणात तो निरुपयोगी, याचे कारण हेच. तेथे हवेलाच आणखी पाणी नको असते. दमट हवेत माणसाला गार वाटायचे, तर हवेतले पाणी आधी काढून घ्यावे लागते आणि हे काम पर्किन्सच्या चक्राशिवाय होत नाही. गाडीखालचे थेंब म्हणजे त्या कामाची पावती. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी करताना एसीला सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. कोकणातल्या एसीची बरीच शक्ती हवा गार करण्यात नव्हे, तर ती कोरडी करण्यात खर्च होते.

डिकीतला एसी

नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी मांडली. गाडी विकत घेताना वेगळे २७४ डॉलर मोजले की हा एसी मिळे. त्याचा इव्हॅपोरेटर आणि पंखा मागे डिकीत होता, त्यामुळे सामानाची बरीच जागा जाई. कॉम्प्रेसर पुढे इंजिनाजवळ आणि थंड जाळी मागे, म्हणून लांबच लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून न्याव्या लागत.

सर्वांत मोठी गैरसोय वेगळीच होती. कॉम्प्रेसर पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला होता. इंजिन फिरले की तोही फिरणार. आतला पंखा बंद करता येई, पण कॉम्प्रेसर थांबवायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे. हिवाळा आला की पट्टा काढायचा आणि उन्हाळा आला की पुन्हा चढवायचा! पॅकार्डने १९४१ नंतर हा प्रकार सोडून दिला. १९४१ साली कॅडिलॅकनेही काहीशे गाड्यांत एसी बसवला होता. पण मग अमेरिका युद्धात उतरली आणि मोटारींचे नागरी उत्पादनच थांबले.

युद्धानंतर हा प्रश्न सुटला, तो फ्रिज बनवणाऱ्यांच्या मदतीने. जनरल मोटर्सकडे फ्रिजिडेअर होती, क्रायस्लरकडे एअरटेम्प होती आणि नॅश या तुलनेने लहान कंपनीचे केल्व्हिनेटरशी १९३७ सालीच एकत्रीकरण झाले होते. १९५३ साली मोठ्या कंपन्यांनी पुन्हा डिकीतले एसी बाजारात आणले. १९५४ साली नॅशने मात्र सगळा पसारा पुढे, इंजिनाशेजारी आणि डॅशबोर्डमागे बसवला आणि कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकीय क्लच दिला. बटण दाबले की विद्युतचुंबक पट्ट्याच्या चाकाला कॉम्प्रेसरचा दांडा जोडतो, बटण सोडले की चाक नुसतेच फिरत राहते. आजही पेट्रोलच्या गाडीत एसी लावताना ‘टक्’ असा जो आवाज येतो, तो या क्लचचा.

नॅशचे पुढे अमेरिकन मोटर्समध्ये विलीनीकरण झाले. या कंपनीने १९६८ साली आपल्या अॅम्बॅसेडर गाडीत एसी जादा पैसे न घेता, मूळ किमतीतच दिला. (नाव तेच असले तरी आपली हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसेडर वेगळी.) १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी आलेला होता. आपल्याकडे तो सामान्य मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला तो १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर, हळूहळू.

निरुपद्रवी वाटलेला वायू

हे सारे शक्य झाले त्यामागे एका रसायनाचा हात आहे. १९२० च्या दशकापर्यंत फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरत. तिन्ही विषारी, शिवाय मिथिल क्लोराइड ज्वालाग्राही. गळतीमुळे घरांत मृत्यूही होत. बंद गाडीत, चालकाच्या पायाशी अशा वायूची जाळी ठेवणे कोणालाच परवडले नसते.

१९२८ साली जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या टॉमस मिजले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आवर्तसारणीचा आधार घेत नवा शीतक शोधला. कार्बनच्या एका अणूला क्लोरीनचे दोन आणि फ्लोरीनचे दोन अणू जोडलेले, असा तो रेणू. बाजारात तो फ्रिऑन किंवा आर-१२ या नावाने आला. तो उणे ३० अंशांच्या आसपास उकळे, जळत नसे, वास येत नसे, धातूला खात नसे. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मिजलेने हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एकाच कृतीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या: वायू विषारी नाही आणि तो पेटतही नाही. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पनाही याच मिजलेची, १९२१ सालची. पुढे दोन्ही शोध जगाला मागे घ्यावे लागले. पण १९३० सालच्या सभागृहात बसलेल्या माणसाला मेणबत्तीच दिसत होती. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरच्या हवेत या रेणूचे काय होईल, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याजोगा नव्हता.

गळणारी यंत्रणा

घरातला फ्रिज पंधरा-वीस वर्षे गॅस न भरता चालतो आणि गाडीचा एसी मात्र काही वर्षांत गॅस मागतो, असे का? फ्रिजमध्ये मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात आणि नळ्या डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्याने फिरवायचा, म्हणजे त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि फिरत्या दांड्याभोवतीचे सील कधीच शंभर टक्के घट्ट नसते. शिवाय कॉम्प्रेसर हलणाऱ्या इंजिनावर आणि कंडेन्सर गाडीच्या सांगाड्यावर, म्हणून दोहोंमध्ये लवचीक रबरी नळ्या हव्यात. या नळ्यांतून आणि सांध्यांतून शीतक हळूहळू झिरपतो. पूर्वी दुरुस्तीच्या वेळी उरलेला वायू सरळ हवेत सोडून देत. तो निरुपद्रवीच समजला जात होता ना!

हा वायू जात होता कुठे? १९७१ साली जेम्स लव्हलॉक हा ब्रिटिश शास्त्रज्ञ आपले स्वतःचे अतिसंवेदनशील उपकरण घेऊन शॅकल्टन जहाजावरून अंटार्क्टिकाकडे निघाला. आर-१२ च्या भावंडाचे, आर-११ चे अंश त्याला भर अटलांटिकमध्ये, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडेही मिळत गेले. हे वायू हवेत नष्ट होत नव्हते, साठत होते. १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी पुढचा दुवा जोडला. हे रेणू खालच्या हवेत तुटत नाहीत, पण स्थितांबरात पोहोचल्यावर सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतात. सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो. रसायन टिकाऊ असणे हा मिजलेच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण होता. तोच दोष ठरला.

१९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरात दर वसंत ऋतूत पडणारे मोठे खिंडार जाहीर केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. १९९० साली लंडनच्या बैठकीत गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी निधी देण्याचे ठरले आणि त्यानंतर १९९२ साली भारत करारात आला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नव्या गाड्यांत आर-१२ ची जागा क्लोरीन नसलेल्या आर-१३४ए ने घेतली आणि २०१० पर्यंत भारतातही क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर जवळजवळ संपला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येण्याची अपेक्षा आहे. जगाने एकत्र येऊन एक चूक दुरुस्त केल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

पण गोष्ट येथे संपली नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र तो तीव्र हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-१३४ए सुमारे १३०० ते १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. लहान गाडीत अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका गाडीतला सगळा गॅस हवेत गेला, तर तो जवळजवळ ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे आहे. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावा.

इतिहासातून निघणारे व्यवहाराचे धडे

आता आपल्या मूळ अडचणीकडे वळू. भर उन्हात एसी पुरा पडत नाही, त्यावर काय करावे? वरच्या सगळ्या गोष्टी लक्षात घेतल्या तर उत्तरे पाठ करावी लागत नाहीत, ती सुचतात.

पहिला धडा: जी उष्णता आत आलीच नाही, ती बाहेर टाकावी लागत नाही. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. गाडी सावलीत उभी करणे आणि समोरच्या काचेवर आतून चकचकीत पडदा लावणे, हे एसीचे काम आधीच हलके करते.

दुसरा धडा: तापलेल्या गाडीत नुसती हवा तापलेली नसते. हिशेब पाहा. गाडीत साधारण तीन घनमीटर, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलो हवा असते. ती ६० अंशांवरून ४० वर आणायला सुमारे ६५ किलोज्यूल लागतात. एक टनाच्या एसीचे हे अठरा-वीस सेकंदांचे काम. पण आसने, डॅशबोर्ड, आतले अस्तर असा शंभर किलोचा ऐवजही तापलेला असेल, तर त्याला तेवढेच गार करायला सुमारे २००० किलोज्यूल, म्हणजे नऊ-दहा मिनिटे हवीत. म्हणूनच बसल्याबरोबर ‘एसी चालतच नाही’ असे वाटते. अशा वेळी काचा खाली करून पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि एक-दोन मिनिटे गाडी तशीच चालवावी. आतली हवा ६० अंश आणि बाहेरची ४० अंश असेल तोवर बाहेरचा वारा ही फुकटची मदत आहे.

तिसरा धडा: आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार झाली की काचा बंद करून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. पंख्यातून सेकंदाला १०० ग्रॅम हवा जाते असे धरू. बाहेरची ४२ अंशांची हवा १० अंशांवर आणायला ३.२ किलोवॅट लागतात, आतली २७ अंशांची हवा तेथे आणायला १.७ किलोवॅट पुरतात. दमट हवेत हा फरक आणखी वाढतो, कारण बाहेरचे बाष्प पुन्हा पुन्हा काढावे लागत नाही. मात्र गाडीत चार-पाच माणसे असतील तर श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला जडपणा येऊ शकतो. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

चौथा धडा: कंडेन्सरकडे लक्ष द्यावे, कारण उष्णता टाकायची जागा तीच. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांची जी मर्यादा दाखवली, तिचाच आधार येथे घेता येतो. आदर्श शीतयंत्रात एक एकक श्रमाने किती उष्णता हलते, हे थंड बाजूच्या निरपेक्ष तापमानाला दोन बाजूंच्या फरकाने भागले की मिळते. इव्हॅपोरेटर ५ अंश (२७८ केल्व्हिन) आणि कंडेन्सर ५० अंश असेल तर उत्तर ६.२ येते. कंडेन्सर ६५ अंशांवर गेला की ते ४.६ होते. म्हणजे आदर्श यंत्राचीही चौथाई घट! खऱ्या यंत्रात ती याहून जास्त असते. ज्या दिवशी एसीची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी तो सर्वांत दुबळा, हे निसर्गाचे गणित आहे. त्यात कंडेन्सरच्या बारीक पात्यांत चिखल, किडे, कापूस अडकला की भर पडते. पाण्याच्या मंद धारेने तो धुऊन घ्यावा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. चौकात गाडी थांबली की गारवा कमी होतो, यालाही हेच कारण आहे: समोरचा वारा बंद आणि इंजिन मंद, म्हणून कॉम्प्रेसरही मंद. वाहतूक कोंडीत गारवा फारच उतरत असेल, तर कंडेन्सरसमोरचा विजेचा पंखा फिरतो की नाही हे प्रथम पाहावे. पंख्यातून वाराच कमी येत असेल, तर आतली हवेची गाळणी धुळीने भरली असण्याचा संभव जास्त.

पाचवा धडा: गॅस भरणे हे औषध नाही. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. ती शोधून, बुजवून, यंत्रणा निर्वात करून, वजन करून गॅस भरायला हवा. ‘थोडा जास्तच भर’ असे सांगणे तोट्याचे. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, बाष्पाचा द्रव व्हायला जागा कमी उरते, दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो. उरलेला गॅस यंत्राने काढून घेणारे गॅरेज निवडावे. हिवाळ्यातही महिन्यातून एकदा काही मिनिटे एसी चालवावा, म्हणजे आतले तेल दांड्याच्या सीलपर्यंत पोहोचून ते कोरडे पडत नाही. पॅकार्डचा पट्टा गेला, पण सीलची कटकट मागे राहिली ती अशी.

शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान मोजले. बाहेर फारसे गरम नसतानाही तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवण्याचा फारसा उपयोग झाला नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. ‘पाचच मिनिटांत येते’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवणे जिवावर बेतू शकते. हे पालकसभेत जरूर सांगावे.

उष्णता कोणाच्या वाट्याला?

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती झाली आणि आर-१३४ए सारखे वायूही कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. त्यानुसार आपल्याला २०२८ पासून हा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांत आर-१३४ए ला बंदी आहे. तेथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरतात. तो हवेत थोड्याच दिवसांत मोडतो, मात्र थोडासा ज्वालाग्राही आहे आणि त्याच्या विघटनातून निर्माण होणारे, सहजी नष्ट न होणारे आम्ल पाण्यात साठते. त्याबद्दल शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. मेणबत्तीचा धडा जग विसरलेले नाही, ही चांगली गोष्ट आहे. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसर पुन्हा फ्रिजसारखा बंद डब्यात गेला आहे. दांड्याचे सील नाही, पट्टा नाही आणि चौकात थांबल्यावर गारवा उतरत नाही. अर्थात ती शक्ती बॅटरीतूनच येते, म्हणून गाडी तितकी कमी धावते.

आणि तरीही एसी ही चैन म्हणून सोडून द्या, असे म्हणता येणार नाही. ४३ अंशांत इंजिनाशेजारी बसून दिवसभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला गारवा हवाच. त्याची झोप आणि थकवा इतरांच्या जिवाशी जोडलेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये २०२५ पासून एसी असण्याची सक्ती करणारी अधिसूचना काढली, ती यामुळेच. पण चौकात थांबलेल्या प्रत्येक एसी गाडीचा कंडेन्सर आतली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरने केलेले काम, रस्त्यावर सोडत असतो. तेथे वाहतूक पोलीस उभा असतो, फुले विकणारी मुलगी उभी असते. गाडी सावलीत लावणे, कंडेन्सर स्वच्छ ठेवणे, गळती वेळेवर बुजवणे यांमुळे आपल्याला गारवा जास्त मिळतोच, शिवाय दुसऱ्याच्या वाट्याची उष्णताही थोडी कमी होते.

वर्गात करून पाहण्यासारखे: दोन सारख्या तापमाप्या घ्याव्यात. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून दोन्हींना पुठ्ठ्याने वारा घालावा आणि पाच मिनिटांनी वाचन घ्यावे. हेच वाचन मार्चमध्ये, जूनच्या मध्याला आणि डिसेंबरमध्ये घेऊन तक्ता करावा. कोणत्या महिन्यात आपल्या गावी ओला भुसा पुरला असता आणि कोणत्या महिन्यात पर्किन्सचे चक्र लागले असते, हे विद्यार्थी स्वतः ठरवतील. मग त्यांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाडीखालचे थेंब मोजायला सांगावे.